साखर आगाजानच्या हातची

बियर हूमानने बनवली होती. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळं बिनसलं ते यावरूनच.

जव त्याने बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याकडून आणले. ओल्या फडक्यावर पसरून त्यांना मोड आणले, गच्चीत वाळवले आणि ओव्हनमध्ये भाजले. भाजताना घरभर जो वास सुटला त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली. हॉप्सची वाळलेली फुलंही त्याच दुकानात मिळाली. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांना काढ्यासाठी ती देतात, चिमूटभर. हूमानने मोठी पिशवी भरून मागितली तेव्हा दुकानदाराने चष्म्यावरून वर बघितलं.

"घरात कुणालाच झोप लागत नाही का, आगा?"

"सासरे आहेत घरात," हूमान म्हणाला.

"मग अजून थोडी न्या," दुकानदार म्हणाला आणि वरून मूठभर घातली.

घरात दारू करणं गुन्हा. खालच्या मजल्यावरच्या सादेकी बाई मशहदला यात्रेला गेल्या होत्या, तो दिवस साधून हूमानने जवाचं पाणी उकळलं. शिवाय खिडकीत इस्पंदाच्या बिया जाळल्या, म्हणजे जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं की या घरात कुणाची तरी दृष्ट काढताहेत. मग यीस्ट घालून ते सगळं एका प्लास्टिकच्या पिंपात भरलं आणि पिंप मुलीच्या, तरलानच्या, खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात नेऊन ठेवलं. कुलूप लागणारं तेवढं एकच कपाट घरात होतं. रोज दुकानातून आला की हूमान बूट काढायच्या आधी पिंपाला कान लावून बसायचा. आत बुडबुडे येत होते. त्या आवाजाने त्याला जेवढं बरं वाटायचं तेवढं या घरात दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.

कारण घर त्याचं नव्हतं. नारमक वस्तीतला हा फ्लॅट सासऱ्यांचा, मनूचेहर खानांचा. लहानथोर सगळे त्यांना आगाजान म्हणत. सासूबाई गेल्यावर म्हाताऱ्याला एकटं कसं ठेवायचं म्हणून फिरूझे नवऱ्याला आणि मुलीला घेऊन माहेरी राहायला आली, तेव्हापासून हूमान घरजावई झाला होता. हा शब्द कुठल्याही मुलखात शिवीसारखाच वाजतो. आगाजान तो कधी तोंडाने म्हणाले नाहीत. ते फार सभ्य होते. ते फक्त पाहुण्यांना चहा देताना म्हणायचे, "हा आमचा दामादजान. चष्मे विकतो. लोकांना लांबचं दिसायला लागतं, हा मात्र जिथल्या तिथे." पाहुणे हसायचे, हूमानही हसायचा, आणि पुन्हा आगाजानचाच पेला भरायला उठायचा.

आगाजानची धाकटी मुलगी शहला, तिचा नवरा नादेर. नादेर इमारती बांधायचा. तो आला की आगाजान उठून दारापर्यंत जायचे. हूमान आला की विचारायचे, "ब्रेड आणलास का?"

आणि अलीकडे आगाजान विसरायला लागले होते. चहात साखर घालून, ढवळून, पुन्हा साखर घालायचे आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकायचे. गॅस पेटवून नमाजाला बसायचे. एकदा फिरूझेला तिच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली. हूमानने हे सगळं पाहिलं होतं. त्याने दोनदा बायकोपाशी विषय काढला, दोन्ही वेळा ती त्याच्यावर उखडली. "वय झालंय त्यांचं! तुझ्या डोक्यात काय चालतं ते कळतं मला. त्यांना वेड लागलं म्हणायचं आणि घर ताब्यात घ्यायचं." हूमानच्या मनात घराचं काही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की एकदा, चारचौघांत, विशेषतः नादेरच्या समोर, हे उघड व्हावं. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका मोजल्या, त्याची एक तरी चूक सगळ्यांनी बघावी. ती इच्छा पोटात खडा बसावा तशी बसली होती.

बाटल्या भरायचा दिवस उजाडला. फिरूझे तरलानला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. हूमानने स्वयंपाकघरातल्या फरशीवर जुना सोफ्रा, जेवताना अंथरतात ते कापड, पसरला. बिनदारूच्या माल्टच्या तपकिरी बाटल्या त्याने कित्येक महिने जमवल्या होत्या. त्या उकळत्या पाण्याने धुऊन, उपड्या घालून, सुकवून त्याने रांगेत उभ्या केल्या. पिंप ओट्यावर चढवलं. नळी लावली. टोपणं बसवायचं यंत्र एका मित्राकडून मागून आणलं होतं, त्यालाही तेल दिलं.

आगाजान काठी टेकत आले आणि दारात थांबले.

"हे काय, घोड्याचा खुराक तयार झाला का?"

"या ना, आगाजान. तुमच्याशिवाय कशी सुरुवात करणार?"

असं म्हणावंच लागतं. या लोकांत कुणी दारात आला तर त्याला आत घ्यायचं, आत आला तर वरच्या जागी बसवायचं, आणि तो वरच्या जागी बसला की मग त्याच्या हातात सगळं सोपवायचं. मनात काहीही असो, तोंडात हेच.

आगाजान खुर्ची ओढून बसले. "युद्धाच्या वर्षांत मी या घरात बियर भरली आहे. वर विमानं, खाली सायरन, आणि आम्ही दोघं टोपणं ठोकतोय. तुझी सासू बॅटरी धरायची. तू तेव्हा दुपट्यात असशील."

"हो, आगाजान."

"बाटली फुटायला आली तर तिला शांत कसं करायचं हे या शहरात फार थोड्यांना माहीत आहे. ते त्या तुझ्या मोबाइलमध्ये नाही सापडणार. ते मला विचारायचं."

"तुम्हालाच विचारणार."

हूमानने नळीतून पेलाभर काढून त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घोट घेतला. हूमान नळी हातात धरून उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्याच्या तोंडून काही चांगलं निघेल असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला नंतर जास्त चीड आली.

"साखर आण," आगाजान म्हणाले. "साखर मी घालणार. या घरात साखर माझ्या हातची असते."

त्याला कारण होतं. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर कापड धरून साखरेच्या ढेपा एकमेकींवर घासतात. कुटुंबातल्या प्रत्येक लग्नात तो मान आगाजानच्या घरचा. त्यांचा हात गोड, असं सगळे म्हणत. हूमानने साखरेचा डबा आणि चहाचा चमचा पुढे केला. प्रत्येक बाटलीत एक चमचा. बाटलीतलं उरलंसुरलं यीस्ट तेवढी साखर खातं आणि बियरला फेस येतो. कमी पडली तर बेचव, जास्त झाली तर बाटलीचा बॉम्ब. आगाजाननी कागदाचा कोन केला आणि एकेका बाटलीत चमचा रिकामा करत ते रांगेच्या शेवटापर्यंत गेले. हात थरथरत होता, पण एक दाणा बाहेर सांडला नाही.

तेवढ्यात बैठकीतला फोन वाजला. आगाजान उठून गेले. नादेरचा फोन होता. म्हातारा कानाने कमी, त्यामुळे घसा मोठा, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं.

"नादेरजान! अरे, मी बियर बनवतोय! हो, मी. जवाची, खरी. पुढच्या महिन्यात शुक्रवारी जेवायला या, पाजतो. कोण, हूमान? तो बाटल्या धुतोय."

आणि हसले. पलीकडे नादेरही हसला असणार.

हूमान फरशीवर उकिडवा बसला होता. त्याच्या बोटांची नखं उकळत्या पाण्याने पांढरी पडली होती. ओट्यावरच्या पिंपात त्याचे मोड आलेले जव होते, त्याची जागरणं होती, गच्चीवर थंडीत पहाटे उठून परतलेले दाणे होते. तो बाटल्या धुतोय. त्याला इतका राग आला की तो शांतच झाला.

आगाजान परत आले. खुर्चीत बसले. साखरेचा डबा मांडीवर घेतला आणि रांगेकडे बघत राहिले. बाटल्या गडद तपकिरी, तळाशी साखर आहे की नाही ते वरून दिसणं शक्य नव्हतं. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली.

"साखर घातली का रे मी?"

असा प्रश्न त्याने हूमानला कधी विचारला नव्हता. विचारताना आवाज इतका लहान झाला होता की दुसऱ्या कुणाला दया आली असती. एक शब्द पुरला असता. हो. एवढंच म्हणायचं होतं.

हूमान उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून त्याने मान झुकवली.

"मर्जी तुमची, आगाजान. या घरात मालक तुम्ही."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग बाटल्यांकडे. मग कागदाचा कोन पुन्हा पहिल्या बाटलीच्या तोंडात खोवला आणि चमचा भरला.

हूमान ती दुसरी फेरी संपेपर्यंत तसाच उभा राहिला. नंतर त्याने नळीने बाटल्या भरल्या, एकेक टोपण बसवून यंत्राचा दांडा दाबला. दर टोपणाला कट्ट असा आवाज यायचा आणि आगाजान म्हणायचे, "शाब्बास." फिरूझे घरी आली तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसून सोफ्रा पुसत होते. तिने दारातूनच ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही दोघं!" ती म्हणाली. "नजर नको लागायला." आणि बिचारीने पुन्हा इस्पंद जाळला.

बाटल्या खोक्यात भरून तरलानच्याच कपाटात गेल्या. कपाटाच्या कुशीलाच रेडिएटर, आणि यंदाच्या थंडीत तो हात लावू नये इतका तापलेला असायचा. हूमानचा बेत साधा होता. शुक्रवारी सगळे जमतील, आगाजान ऐटीत बाटली उघडतील, फेस छतापर्यंत जाईल. सगळे विचारतील काय झालं. मग तो सांगेल. हे वाक्य त्याने दुकानात, बसमध्ये, आंघोळ करताना इतक्यांदा घोळवलं होतं की ते त्याच्या जिभेवर तयार बसलं होतं. बस, एवढंच. आपण कुणाचा जीव थोडाच घेतोय, असं तो स्वतःला सांगायचा.

पण दुकानात एका दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने मोबाइलवर फुटलेल्या बाटल्यांचे फोटो बघितले. दारात घुसलेली काच बघितली. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या त्याने तरलानचा पलंग ओढून स्वतःच्या खोलीत आणला.

"हे आता काय नवीन?" फिरूझेने विचारलं.

"त्या रेडिएटरने हवा कोरडी होते. पोर खोकते."

"कधी खोकली?"

"काल. तू झोपली होतीस."

फिरूझेला ते आवडलं. मुलीकडे लक्ष देणारा बाप कुठल्या बाईला आवडत नाही?

आगाजानची मात्र एक नवीन सवय झाली होती. रोज सकाळी नाश्त्याआधी ते तसबीहचे मणी ओढत त्या खोलीत जायचे, किल्ली लावून कपाट उघडायचे आणि खोक्यांवर वाकून बाटल्या एकेक करून उचलायचे, उजेडाकडे धरायचे, हलकेच फिरवून परत ठेवायचे. "लेकरांची खबर घेऊन येतो," असं म्हणायचे. हूमान टेबलाशी बसलेला असायचा. ब्रेडवर चीज, चीजवर अक्रोड. आत बाटलीला बाटली लागल्याचा किणकिण आवाज यायचा, आणि तो पुढचा घास घ्यायचा. एका सकाळी तो उठला, खोलीच्या दारापर्यंत गेला. म्हातारा दोन्ही हातांत बाटली धरून, चेहऱ्याच्या अगदी जवळ आणून, तिच्याकडे बघून हसत होता. हूमानच्या तोंडापर्यंत शब्द आले.

आगाजाननी मान वळवली. "ब्रेड आणलास का?"

हूमान गेला आणि ब्रेड घेऊन आला.

शुक्रवार आला. नादेर आणि शहला मिठाईचा मोठा खोका घेऊन आले. नादेरने बाह्या सरसावून कबाबच्या सळ्या भरल्या, दोन सळ्यांत सगळ्यांची वाहवा मिळवली. सोफ्रा बैठकीत पसरला होता. त्यावर सब्जी, दही, गरम संगक रोट्या. फिरूझेने घरातले सगळ्यात चांगले पेले काढले. आगाजाननी पांढरा शर्ट घातला होता, वरच्या बटणापर्यंत. बाटल्या आणायला त्यांनी कुणाला जाऊ दिलं नाही. स्वतः खोलीत गेले, तीन बाटल्या तबकात उभ्या करून आणल्या आणि मधोमध ठेवल्या.

"माझ्या हातची आहे," ते म्हणाले. "दामादजानने मदत केली, हं. मेहनती आहे तो."

पहिलं टोपण उडालं आणि त्यामागोमाग फेसाची धार थेट छताला जाऊन लागली. तरलान किंचाळली, मग खिदळली. नादेर मांड्यांवर थापा मारायला लागला.

"आगाजान, तेलाची विहीर लागली हो! सरकारला कळवा!"

बाटलीत तळाला दोन बोटं उरली होती. आगाजान ओल्या शर्टात बसले होते. ते हसले, पण जरा उशिरा. "जिवंत आहे," ते म्हणाले. "जरा जास्तच जिवंत आहे." दुसरी उघडली तर तीही तशीच, शहलाचे केस भिजले, कबाब भिजले. आता सगळेच हसत होते. हूमान भिंतीला टेकून बसला होता, परीक्षेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा उतावीळ. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्याने डोळे भरून बघितला. अजून एक, त्याला वाटलं. अजून एक उघडू दे, मग सांगतो.

आगाजाननी तिसरी बाटली उचलली, मांडीवर घेतली, फडक्याने पुसली. ओपनर टोपणापर्यंत पोचलाच नाही. दबलेला, जाड आवाज झाला आणि बाटली त्यांच्या मुठीत नाहीशी झाली.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग संगकवर रक्त दिसलं. आगाजान उजव्या हाताकडे बघत होते. अंगठ्याच्या मुळाशी तपकिरी काचेचा बोटभर तुकडा उभा होता.

आणि हूमानच्या जिभेवर इतके दिवस तयार बसलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"दोनदा साखर घातल्यावर असंच होणार. आगाजान विसरले ना. पहिल्यांदा घातलेली विसरले, आणि पुन्हा घातली."

फिरूझे गुडघ्यांवर सरकत बापापाशी पोचली होती. नॅपकिन त्यांच्या मनगटाभोवती आवळताना तिने मान वर केली. "काय म्हणालास?"

"मी किती दिवस सांगतोय, त्यांना आठवत नाही. आता सगळ्यांनी बघितलं."

"मी विचारलं होतं," आगाजान म्हणाले.

आवाज शांत होता. ते हूमानकडे बघत नव्हते, हाताकडेच बघत होते. जो माणूस कालचं जेवण विसरत होता, त्याला हे आठवत होतं.

"साखर घातली का म्हणून मी विचारलं होतं. हा म्हणाला, मर्जी तुमची. या घरात मालक तुम्ही."

नादेर हसायचा थांबला होता. शहलाने तरलानला उचलून घेतलं होतं. फिरूझेने नॅपकिनची गाठ पक्की केली, मग सावकाश मुलीकडे बघितलं, मग तरलानच्या त्या मागच्या खोलीच्या दाराकडे. हूमानला दिसलं की ती काहीतरी जुळवते आहे. तिने जुळवू नये म्हणून त्याने काहीही दिलं असतं.

"पलंग," ती म्हणाली. "म्हणून पलंग हलवलास."

"फिरूझे, ऐक..."

"पोर खोकते म्हणालास." तिचा आवाज चढला नाही. "आणि हे रोज सकाळी आत जात होते. रोज. तू तिथे बसून खात होतास."

हूमानने हात पसरले. वाक्य एकच तयार केलं होतं आणि ते बोलून झालं होतं.

इस्पितळात, पेला धुताना फुटला असं सांगितलं. डॉक्टरने शर्टाचा वास घेतला आणि काही न विचारता टाके घातले. आतली नस तुटली होती. अंगठा आता वळणार नाही, असं त्याने नादेरला बाजूला घेऊन सांगितलं. त्या हातात यापुढे चमचा धरता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी हूमान दुकानातून आला तेव्हा त्याची गादी, उशी आणि दाढीचं सामान मागच्या खोलीत होतं. गादी कपाटाला अगदी लागून घातली होती. चादर नीट दुमडलेली. फिरूझे दारात उभी होती.

"रेडिएटर बंद होत नाहीये," ती म्हणाली. "खोकला आला तर सांग."

त्यापुढे ती त्याच्याशी इतक्या अदबीने वागायला लागली की तिने भांडी फेकून मारली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. जेवण वेळेवर, चहा गरम, "आणखी वाढू का?" आगाजानला मात्र पुन्हा काही आठवेनासं झालं होतं. दिवसातून कितीदा तरी ते पांढऱ्या पट्टीकडे बघून विचारायचे, "हाताला काय झालं गं माझ्या?" आणि फिरूझे दर वेळी सांगायची, "बाटली फुटली, आगाजान." सांगताना बघायची नवऱ्याकडे.

आणि कपाटात उरलेल्या बाटल्या तशाच होत्या. कचऱ्यात टाकाव्या तर रस्त्यात फुटून बोभाटा, गच्चीत ठेवाव्या तर समोरच्या इमारतीला दिसणार. हूमान डोक्यावर उशी घेऊन झोपायचा. मग कपाटात एक फुटली. आवाजाने सादेकी बाई वर आल्या, "काही पडलं का?" म्हणून वास घेत दारात उभ्या राहिल्या. फिरूझेने गोड हसून त्यांना परत पाठवलं आणि आत येऊन म्हणाली, "शुक्रवारी मी आणि तरलान शहलाकडे जातोय. आम्ही येईपर्यंत कपाट रिकामं कर. आगाजान घरीच असतील. त्यांना खोलीत येऊ देऊ नकोस."

म्हणून शुक्रवारी पुन्हा घरात ते दोघंच होते. हूमानने हिवाळी कोट घातला, गळ्याशी मफलर, हातांत ओव्हनचे मोजे, डोळ्यांवर दुकानातला सगळ्यात मोठ्या काचांचा चष्मा. कपाट उघडलं. फुटलेल्या बाटलीने खोका भिजून त्यावर बुरशी धरली होती. वरची ओळ त्याच्याकडे तोंड करून उभी होती. त्याने एका बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. टोपणं फुगल्यासारखी दिसत होती. हात मोज्यात घामाने भिजला.

पाठीमागे काठी वाजली. आगाजान दारात उभे होते, डाव्या हातात काठी, उजवा हात पट्टीत छातीशी.

"लेकरं कशी आहेत?" त्यांनी विचारलं.

हूमान वळला. त्याने चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या माणसाशी मनापासून बोलला.

"आगाजान, तुम्ही म्हणाला होतात, फुटायला आलेली बाटली कशी शांत करायची ते तुम्हाला माहीत आहे. सांगा ना. आधी गार करायची का? ओल्या कापडात गुंडाळायची? मी हिला आता हात लावू का नको?"

म्हाताऱ्याने बाटल्यांकडे बघितलं. मग त्याच्याकडे. चेहऱ्यावर तीच आठी होती, त्या दिवशीची. हूमान त्या चेहऱ्यात शोधत राहिला की आतला माणूस विसरला आहे की त्याला सगळं लख्ख आठवतंय. त्याला काही कळेना.

आगाजाननी काठी भिंतीला टेकवली. डावा, धड हात छातीवर ठेवला. मान झुकवली.

"मर्जी तुझी, दामादजान," ते म्हणाले. "या घरात मालक तू."

मग त्यांनी काठी घेतली, बाहेर जाऊन दार अलगद ओढून घेतलं. हूमानला त्यांच्या चपला स्वयंपाकघराकडे गेलेल्या ऐकू आल्या. डाव्या हाताने साखरेच्या डब्याचं झाकण काढायला त्यांना बराच वेळ लागला.